भुकेला होता, तरी जाऊ दिलं

कुंडिनपूरचा एक तरुण मध्यरात्री स्मशानात उभा आहे. माधव त्याचं नाव. हातात माणसाच्या मांसाचा तुकडा. भोवतालच्या पिशाचांना तो ओरडून सांगतोय की माल अस्सल आहे, याला शस्त्राचा स्पर्श नाही, विकायला काढलाय, घ्या. मोबदल्यात त्याला पैसे नकोत. ज्या मालतीवर त्याचा जीव जडला, तिला तिच्या बापानं राजाच्या मर्जीतल्या नंदनाला द्यायचं ठरवलं आहे. माणसांच्या दुनियेतले सगळे उपाय करून झाले, आता भुताखेतांकडून काही साधलं तर पाहावं, म्हणून तो इथं आला आहे. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा हा पाचवा अंक. काळ आठव्या शतकाच्या आसपासचा.

माधव आपल्याकडचा. त्याचा बाप विदर्भाच्या राजाचा अमात्य, आणि कुंडिनपूर म्हणजे परंपरेनं आजचं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. वर्धा नदी आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या कडेनं वाहत खाली वणीकडे येते, त्याच नदीच्या काठी वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात हे गाव आहे. माधवाला बापानं शिकायला दूर पद्मावतीला पाठवलं, जशी आमची पोरं आज पुण्याला जातात, आणि तिथं तो प्रेमात पडला. भवभूतीही विदर्भाचाच. आपलं गाव पद्मपूर असं तो स्वतःच सांगतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर असल्याचं मांडलं. नाटकातली माणसं आणि नाटककार असे दोन्ही आपले असूनही हा अंक वऱ्हाडात फारसा कोणी वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नाटक मराठीत आणलं होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली मोबाइलवर पिशाचांच्या प्रेमकथा वाचतात. व्हॅम्पायर हा शब्द त्यांच्या तोंडी रुळलेला आहे. गोरापान, शेकडो वर्षांचा, रक्तावर जगणारा, आणि कॉलेजातल्या एका साध्या मुलीवर जीव टाकणारा नायक. मोठी माणसं याला पाश्चात्त्य खूळ म्हणून झटकून टाकतात. मला तसं करता येत नाही, कारण या पोरींना जे आवडतं त्याचं मूळ मला फार जुन्या आणि फार जवळच्या गोष्टींत दिसतं.

भवभूतीची पिशाचं आधी नीट बघू. त्यांच्या तोंडातून जाळ निघतो, अंग वाळून कोळ झालेलं, नडग्या खजुरीच्या खोडाएवढ्या उंच. एक दरिद्री पिशाच प्रेत मांडीवर घेऊन बसलं आहे. आधी कातडं सोलतं, मग खांद्याचं, कुल्ल्याचं, पाठीचं जाड मांस, जे सहज हाती लागतं ते खातं, आणि ते संपल्यावर हाडांच्या सांध्यांत अडकलेलं कोरून कोरून काढतं. घाई नाही. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचं उदाहरण म्हणून हाच श्लोक घेतला, इतका तो पक्का बसला आहे. हे वर्गात वाचलं की एरवी बाकाखाली मोबाइल धरणाऱ्या मुली मान वर करतात. या गर्दीत माधव मालतीची आठवण काढत उभा असतो आणि तेवढ्यात जवळच्या कराला देवीच्या देवळातून तिचीच किंकाळी येते. अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची चेली कपालकुंडला तिचा बळी द्यायला निघाले आहेत. माधव धावतो, तिला सोडवतो, अघोरघंटाला मारतो.

या अंकात प्रियकर वेगळा आणि पिशाच वेगळं. प्रियकराचं मोठेपण असं की तो तिच्यासाठी पिशाचांच्या बाजारात उतरतो. पुढच्या हजारभर वर्षांत केव्हातरी हे दोघं एकाच देहात आले. भूक पिशाचाची आणि जीव लावणं माधवाचं. आजच्या मुलींना आवडणारा नायक तो हाच.

तो घडायला बरीच माती लागली. त्यातली पहिली मूठ पैठणची. दंतकथा अशी आहे की सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत सहा महिन्यांत येईल की नाही यावरून पैज लागली, गुणाढ्य हरला, आणि हरल्यावर ठरल्याप्रमाणे त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. उरली पिशाचांची भाषा, पैशाची. विंध्याच्या रानात शाई मिळेना म्हणून त्यानं स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. राजानं ती नाकारली. भाषा पिशाचांची आणि लिहिलं रक्तानं, असं कोण ठेवून घेणार? मग गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं, एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवलं आणि जाळलं. हरणं, डुकरं, रेडे चरायचं सोडून रडत ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकं पडायला लागलं, कारण जनावरं उपाशी होती. चौकशी होऊन राजा धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक राख झाले होते. एक लाख तेवढे वाचले, आणि ते कोणते? नरवाहनदत्ताच्या कथेचे, त्याच्या प्रेमांचे आणि विद्याधरींच्या दुनियेतल्या त्याच्या भटकंतीचे. गुणाढ्याच्या दोन शिष्यांना तो भाग फार आवडायचा म्हणून त्यानं तो आगीत टाकला नव्हता. मानवी आणि अमानवी यांच्या प्रेमाची गोष्ट तरुण वाचकांच्या हट्टापायी वाचली, असं आपल्याच भूमीतली दंतकथा सांगते. याहून जुना पुरावा मला नको.

‘बृहत्कथा’ हरवली, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्या परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, मराठी घरांना ‘वेताळपंचविशी’ म्हणून ठाऊक असलेल्या. वेताळ म्हणजे शिसवीला लटकणाऱ्या प्रेतात शिरलेला. पण त्याचं वागणं बघा. तो नियम पाळतो. त्याला वाहून नेणारा राजा बोलला तर परत झाडावर, नाही बोलला तर खांद्यावर. तो हुशार आहे, गप्पिष्ट आहे, न्यायाच्या प्रश्नांत त्याला रस आहे, आणि शेवटी ज्या भिक्षूसाठी राजा हे सगळं ओझं वाहतोय तोच राजाचा बळी देणार आहे, हे सांगून तो राजाचा जीव वाचवतो. प्रेतातला जिवंत शहाणपणा. ज्याला पाहून पळायला हवं तोच विश्वासाचा निघतो, ही ओढ मराठी पोराला सातव्या-आठव्या वर्षीच लागते.

युरोपात हे सगळं उशिरा झालं. १७२५ ते १७३२ च्या दरम्यान सर्बियाच्या खेड्यांत पुरलेली प्रेतं रात्री उठून रक्त पितात, अशी भीती पसरली आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे अहवाल लिहिले. त्यांतले पिशाच शेतकरी होते, फुगलेले, लालबुंद, कोणी प्रेमात पडावं असं त्यांच्यात काही नव्हतं. १८१९ साली बायरनचा डॉक्टर पोलिडोरी यानं त्या प्रेताला उमरावाचे कपडे चढवले. १८७० साली रिचर्ड बर्टननं आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सैलपणे सांगून त्यावर व्हॅम्पायरचं नाव घातलं. या बर्टनला ब्रॅम स्टोकर भेटला होता, आणि बोलताना त्याचा वरचा ओठ उचलला जाऊन सुळा कसा चमकायचा, हे स्टोकरनं पुढे आठवणींत लिहून ठेवलं. १८९७ साली स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला. त्यातला एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा उंबरठा ओलांडू शकत नाही. १९७६ मध्ये ॲन राइसनं पिशाचाला स्वतःचीच कैफियत सांगायला लावली, आणि २००५ मध्ये स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’मधल्या एडवर्डनं माणसाचं रक्त सोडून जनावरांच्या रक्तावर राहायचं व्रत घेतलं.

मराठीत मात्र पिशाच आलं ते धाक घेऊनच. नारायण धारपांची ‘लुचाई’ म्हणजे स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा मराठी अवतार. माझ्या पिढीनं ती वाचनालयातून आणून रात्री पांघरुणात वाचली. धारपांच्या वाचकाचा जीव जडायचा तो त्यांच्या ‘समर्थ’ या नायकावर, जो अशा शक्तींशी झुंजतो. पिशाचावर कोणी जीव लावला नाही आणि धारपांनाही ते नको होतं. प्रेमकथेचं पिशाच आपल्याकडे आलं टीव्हीवरून, २०१० मध्ये स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ लागली तेव्हा, आणि मग मोबाइलवरच्या कथांमधून. आता यवतमाळ-वणी एसटीत खिडकीशी बसलेली मुलगी रोजचा भाग वाचते आणि मारेगाव येईपर्यंत संपवते.

तिला त्यात काय दिसतं, हे मी एकदा वर्गात सरळ विचारलं. दिसायला छान असतो, श्रीमंत असतो, म्हातारा होत नाही, अशी उत्तरं भराभर आली. मग राळेगावकडची एक मुलगी उठली. ती म्हणाली, “मॅडम, थो तिले मारू शकते, पन मारत नाही नं. बाकी पोरायले तं मारताच येत नाही म्हनून ते मारत नाहीत. थ्याच्यात त्यायचं काय?”

या उत्तराचं वजन कळायला ती मुलगी कुठली हे कळायला हवं. राळेगाव आणि पांढरकवडा या पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघिणीची दहशत होती. लोक तिला अवनी म्हणायचे. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मारली गेली. त्या दिवसांत बाया कापूस वेचायला एकेकट्या जात नव्हत्या, जागलीला गेलेला माणूस घरी येईपर्यंत घर झोपत नव्हतं. वाघिणीला दोन बछडे होते, ती भुकेली होती, तिचा दोष काढावा असं काही नाही. पण भूक विचारून येत नाही, हे त्या मुलीनं अंगणात बघितलेलं आहे. धोक्याची आवड ही धोका न पाहिलेल्यांची चैन आहे, असं जे म्हटलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. गंमत अशी की ‘मालतीमाधवा’तही वाघ आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघापासून माधवाचा मित्र मकरंद मदयंतिकेला वाचवतो आणि तिथंच त्यांचं जुळतं. विदर्भाच्या नाटककाराला प्रेमाच्या गोष्टीत वाघ आणि पिशाच दोन्ही लागले.

मारू शकतो पण मारत नाही, या एका वाक्याभोवती आपल्याकडे एक फार सुंदर गोष्ट फिरत आलेली आहे. वेताळपंचविशीत ती मदनसेनेची गोष्ट म्हणून येते. जैन कथांमध्ये तिचं मला अधिक आवडणारं रूप आहे. राजगृहाच्या श्रेणिक राजाचा मुलगा आणि मंत्री अभयकुमार याला आंब्यांचा चोर शोधायचा असतो. जमलेल्या लोकांना तो एक गोष्ट सांगतो. एक मुलगी पूजेसाठी बागेतली फुलं चोरताना माळ्याच्या हाती सापडते. माळी म्हणतो, लग्न झाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे येशील तर सोडतो. ती शब्द देते. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला खरं सांगते, नवरा जाऊ देतो. वाटेत चोर गाठतात. परत येईन म्हणते, चोर जाऊ देतात. पुढे राक्षस भेटतो, सहा महिन्यांचा उपाशी. त्यालाही ती सगळं सांगते आणि परत यायचा शब्द देते. राक्षस जाऊ देतो. माळ्यापाशी पोचते, तर तो तिच्या खरेपणानं ओशाळतो आणि हातही न लावता परत पाठवतो. मग परतीच्या वाटेवर राक्षसही तिला सोडतो, चोरही सोडतात, आणि ती दागिन्यांसकट घरी येते. अभयकुमार विचारतो, सगळ्यांत अवघड काम कोणी केलं? मत्सरी म्हणाले नवऱ्यानं, उपाशी म्हणाले राक्षसानं, कामी म्हणाले माळ्यानं. एकजण म्हणाला चोरांनी, आणि आंब्यांचा चोर तोच निघाला.

सहा महिन्यांचा उपाशी राक्षस एका मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवून वाट सोडतो. एडवर्डचं व्रत आणि या राक्षसाचा संयम यांत मला काडीचा फरक दिसत नाही. दोघांच्याही भुकेला त्यांचा स्वतःचा नकार आहे, कोणी पिंजरा घातलेला नाही.

हे उलट बाजूनंही ताडून बघता येतं. मुंज्या आपल्याकडचाच. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. संसाराची वासना राहून गेलेली. प्रेमकथेच्या नायकाला लागणारं सगळं दुःख त्याच्याजवळ आहे. तरी आदित्य सरपोतदारच्या २०२४ सालच्या ‘मुंज्या’ चित्रपटात तो लग्न कर, लग्न कर म्हणून मागे लागतो आणि एकाही प्रेक्षक मुलीचा जीव त्याच्यावर बसत नाही, कारण तो विचारत नाही, मागतो आणि ओरबाडतो. त्याच दिग्दर्शकानं २०२५ साली ‘थामा’त बेताळांची प्रेमकथा केली. तिथं माणसाचं रक्त न पिण्याचा बेताळांचा नियम आहे, आणि तिथं प्रेम जमतं.

विचारणं हा मुद्दा आमच्या भागात हलका नाही. ‘मालतीमाधवा’त मालतीला कोणी विचारत नाही. राजानं शब्द टाकला, बापानं मान हलवली, झालं. माझ्या वर्गातल्या किती मुली बारावी होताच पाहण्याच्या कार्यक्रमाला चहाचे कप घेऊन बाहेर येतात, हे मी बघते. तिथं ‘पसंत आहे का’ हा प्रश्न मुलाकडच्यांना असतो. अशा घरातली मुलगी जेव्हा वाचते की शेकडो वर्षांचा, भिंती फोडू शकणारा एक जण दाराबाहेर थांबलाय आणि तिनं ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल आत पडणार नाही, तेव्हा तिला सुळ्यांचं आकर्षण वाटतं असं मी म्हणणार नाही. तिच्या शब्दाला इतकी किंमत देणारा कोणीतरी तिनं पहिल्यांदा पाहिलेला असतो.

आणि या जिल्ह्यात ‘ये’ म्हणणाऱ्या मुलीची परंपरा घराघरात आहे. लग्न लवकर जमावं म्हणून मुलीला एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चं पारायण करायला बसवतात. १५७१ सालचा ग्रंथ, अठरा प्रसंग. माझ्या आईनं मला बसवलं होतं, पाटावर, ओल्या केसांनी, समोर समई. घरच्यांना त्यातून स्थळ हवं असतं. पण पोथीत काय आहे? भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न मोडायला निघालेली, स्वतःच्या हातानं कृष्णाला पत्र धाडणारी कौंडण्यपूरची मुलगी आहे. महानुभाव कवी नरेंद्रानं १२९२ मध्येच तिच्यावर काव्य रचलं होतं. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या रूपानं जुन्या पोथ्यांचं काम इथं उभं केलं आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिलं, त्यामुळे हे सगळं आपल्याला घरबसल्या कळतं. देवाची आणि पिशाचाची मी बरोबरी करत नाही, तसा विचारही मनाला शिवत नाही. मला दिसतं ते रुक्मिणीचं पत्र. निमंत्रण तिचं आहे, आणि ज्याला बोलावलं तो तिच्या शब्दावर येतो. वऱ्हाडातल्या मुली हे वाचत मोठ्या झाल्या आहेत. मोबाइलवरच्या कथेत त्यांना ओळखीचं काही सापडलं तर आश्चर्य कसलं?

माझी तक्रार एकच आहे, आणि ती कथा लिहिणाऱ्यांकडे आहे. पुष्कळ भागांत संयम नुसता नावाला असतो. नायक मुलीच्या खोलीत न विचारता शिरतो, ती झोपलेली असताना बघत बसतो, तिनं कोणाशी बोलायचं ते ठरवतो, आणि याला प्रेम म्हटलं जातं. हा मुंज्याच झाला, फक्त उंच आणि गोरा. अभयकुमाराच्या गोष्टीतल्या राक्षसानं मुलीला सोडलं तेव्हा ती कुठं जाते हे बघायला तो मागे गेला नव्हता. हे मी वर्गात स्पष्ट सांगते, आणि मुली वाद घालतात, घालायलाच हवा.

अभयकुमाराचा प्रश्नही मी त्यांच्यापुढे ठेवला होता. मुलं बहुतेक नवऱ्याच्या बाजूची निघाली. मुली राक्षसाच्या. राळेगावच्या त्या मुलीनं मात्र हात वर केला आणि विचारलं की ती परत आली हे कोणीच कसं मोजलं नाही, थ्या रातीच्या अंधारात राक्षसापाशी परत जायले हिंमत लागत नाही का? तास संपल्याची घंटा झाली तरी हे भांडण वऱ्हांड्यात चालू राहिलं.

ती मुलगी आता स्वतः लिहिते. तिचं पिशाच वर्धेच्या काठच्या एका जुन्या चिंचेवर राहतं. ते कोणत्या भाषेत बोलेल, असं तिनं मला विचारलं, तेव्हा मी तिला गुणाढ्याची पैशाची सांगितली. दोन दिवस विचार करून तिनं त्याला वऱ्हाडी दिली. तिसऱ्या भागात ते दारात उभं राहून विचारतं, “येऊ का जी?” नायिका लगेच हो म्हणत नाही. आधी नाव विचारते, मग गाव, आणि मग, जेवला का.